वाकडचा फ्लॅट आणि एडिंबराचा कर

पार्श्वभूमी

हे प्रकरण एडिंबरात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचं आहे. मी इथे हिशेबाचं काम करतो, आणि आपली माणसं घर घ्यायला निघाली की कागदपत्रांसाठी बऱ्याचदा माझ्याकडे येतात. दोघांना विचारून लिहितो आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. कराचे दर आणि कायद्यातल्या मुदती मात्र जशा आहेत तशाच ठेवल्या आहेत.

ती पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. २०१५ साली, लग्नाच्या आधी, तिने वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, एकटीच्या नावावर. स्टँप ड्युटी आणि नोंदणी धरून ६० लाख पडले. २०१८ मध्ये लग्न झालं आणि नवरा त्याच घरात राहायला आला. १९ मार्च २०२२ ला दोघांनी घराला कुलूप लावलं आणि नोकरीसाठी इकडे आले. ऑगस्टपासून फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर भाड्याने गेला. इथे अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःचं घर बघायला सुरुवात केली.

ब्रिटनमध्ये घर घेतलं की 'स्टँप ड्युटी' लागते, एवढं आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये तो कर १ एप्रिल २०१५ पासून नाही. २०१२ च्या स्कॉटलंड कायद्याने दोन कर लंडनच्या हातून एडिंबराकडे आले: एक जमीन-घराच्या व्यवहारावरचा, दुसरा कचरा डेपोत पुरलेल्या कचऱ्यावरचा. पहिल्याचं नाव लँड अँड बिल्डिंग्ज ट्रान्झॅक्शन टॅक्स, बोलण्यात एलबीटीटी. दोन्हींची वसुली 'रेव्हेन्यू स्कॉटलंड' ही स्कॉटलंडची स्वतंत्र यंत्रणा करते. वेल्सनेही २०१८ पासून असेच आपले दोन कर सुरू केले.

दर आपल्या हातात असण्याचा अर्थ सुरुवातीलाच दिसला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेव्हाचे स्कॉटिश अर्थमंत्री जॉन स्विनी यांनी नव्या कराचे दर जाहीर केले. डिसेंबरात लंडनला जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी जुन्या स्टँप ड्युटीची सगळी घडीच बदलली, तीही दुसऱ्या दिवसापासून लागू. मग जानेवारी २०१५ मध्ये, आपला कर अजून सुरूही झालेला नसताना, स्विनींनी दर पुन्हा नव्याने मांडले. तेव्हापासून मी एक शिकलो आहे की डिसेंबरात इथे घराचा व्यवहार अर्धवट ठेवू नये. ते शिकूनही या प्रकरणात मी चुकलो, त्याबद्दल पुढे लिहितो.

एलबीटीटीचे टप्पे असे: पहिल्या १,४५,००० पाउंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, पुढे ३,२५,००० पर्यंत ५, मग ७,५०,००० पर्यंत १० आणि त्यावर १२. याशिवाय, घर घेणाऱ्याकडे आधीच एक घर असेल तर अधिभार लागतो. त्याचं नाव ॲडिशनल ड्वेलिंग सप्लिमेंट, म्हणजे एडीएस. २०१६ मध्ये तो ३ टक्के होता, २०१९ मध्ये ४ झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ६. हा टप्प्याटप्प्याने मोजत नाहीत. घराच्या पूर्ण किमतीवर, पहिल्या पाउंडापासून लागतो.

अडचण

११ नोव्हेंबर २०२४ ला त्यांची ऑफर मान्य झाली. लीथमधला जुन्या दगडी इमारतीतला फ्लॅट, २,६५,००० पाउंड. होम रिपोर्टमधलं मूल्यांकनही तेवढंच. इथे घर विकायला काढताना विकणाऱ्यानेच सर्व्हे करून तो रिपोर्ट द्यायचा असतो आणि बँक त्यातल्या आकड्यावर कर्ज देते. ताब्याची तारीख ३१ जानेवारी ठरली.

लंडनजवळ राहणाऱ्या एका मित्राने त्यांना आधीच हिशेब करून दिला होता: "पहिलंच घर आहे ना? मग कर शून्य." त्याने इंग्लंडचा कॅल्क्युलेटर वापरला होता. तिथे तेव्हा पहिल्या घराला ४,२५,००० पाउंडांपर्यंत कर नव्हता. स्कॉटलंडमध्ये पहिल्या घराची सवलत फक्त १,७५,००० पर्यंत, म्हणजे फार तर ६०० पाउंडांची. आणि 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. दोघं मिळून घेत असतील तर दोघांचंही पहिलं असावं लागतं. वाकडच्या फ्लॅटमुळे तीही सवलत गेली. साधा एलबीटीटी २,८५० पाउंड होत होता, आणि एवढ्याची त्यांनी तयारी ठेवली होती.

ऑक्टोबरमध्ये सॉलिसिटरच्या ऑफिसने पहिला फॉर्म पाठवला, त्यात 'तुमच्या मालकीचं दुसरं घर आहे का' असा प्रश्न होता. दोघांनी 'नाही' वर खूण केली. खोटं लिहायचं म्हणून मुळीच नव्हे. इथे, या देशात, आपलं घर नाही, अशा अर्थाने ते उत्तर दिलं होतं. त्या ऑफिसातल्या कोणी फोन करून "भारतातसुद्धा नाही ना?" असं विचारलं नाही. भारतीय आडनावाच्या, अडीच वर्षांपूर्वी आलेल्या, तिशीतल्या जोडप्याला तो प्रश्न विचारायलाच हवा होता असं मला आजही वाटतं.

२० नोव्हेंबरला कराच्या विवरणपत्रासाठी दुसरा फॉर्म आला. त्यात शब्द स्पष्ट होते: जगात कुठेही. त्या रात्री साडेदहाला तिचा मला फोन आला. "दादा, वाकडचं घर यात धरायचं का?"

धरायचं होतं. ज्या घराची किंमत ४०,००० पाउंड किंवा जास्त, ते जगाच्या पाठीवर कुठेही असलं तरी मोजलं जातं. वाकडचा फ्लॅट तेव्हाच्या दराने लाखभर पाउंडांच्या आसपास जात होता. ६ टक्क्यांनी एडीएस १५,९०० पाउंड. साध्या कराच्या साडेपाच पट.

त्यांची जमा सगळी मिळून ५१,२०० पाउंड होती. १५ टक्के डाउन पेमेंट ३९,७५०, एलबीटीटी २,८५०, सॉलिसिटरची फी वगैरे १,८००. उरले ६,८००, आणि त्यात सामान हलवणं, पडदे, फ्रिज. एडीएसला जागाच नव्हती. शिवाय हा कर ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत विवरणपत्रासोबत भरायचा असतो, आणि सॉलिसिटर ती रक्कम ताब्याआधीच खात्यात मागून घेतात. हप्त्याने भरायची सोय नाही.

समोरचे पर्याय

पुढच्या दोन संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही एकेक रस्ता तपासला.

पहिला विचार नवऱ्याचा: घर त्याच्या एकट्याच्या नावावर घ्यावं, कारण वाकडच्या कागदांवर त्याचं नाव कुठेच नाही. हा रस्ता दोन मिनिटांत बंद झाला. एडीएससाठी नवरा-बायको एकच धरतात. लग्न न करता एकत्र राहणारी जोडपीही तशीच. एकाचं घर ते दुसऱ्याचं घर.

दुसरा: ताब्याच्या आधी वाकडचा फ्लॅट विकून टाकायचा. ताब्याच्या दिवसाअखेर दुसरं घर नावावर नसेल तर एडीएस लागतच नाही, हे खरं. पण हातात दहा आठवडे होते. भाडेकरूचा करार जूनपर्यंत होता, गिऱ्हाईक शोधायचं होतं, आणि अनिवासी भारतीयाने घर विकणं हे वेगळंच काम आहे. हा पर्याय कागदावरच राहिला.

तिसरा पर्याय सगळ्यात जास्त वेळ टेबलावर राहिला: फ्लॅट तिच्या आईला बक्षीसपत्राने देऊन टाकायचा. महाराष्ट्रात मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांना राहतं घर बक्षीस दिलं तर स्टँप ड्युटी २०० रुपये. आई-वडिलांना दिलं तर ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार. तरीही एडीएसपेक्षा ते कमीच पडत होतं. कायद्याने खरं दान चालतं. पण "नंतर आई परत माझ्या नावावर करेल" असं मनात धरून केलेलं दान म्हणजे कर टाळण्यासाठी रचलेला व्यवहार, आणि त्याविरुद्ध स्कॉटलंडच्या कायद्यात तरतूद आहे. मी तिला सरळ विचारलं, कायमचं द्यायचं आहे का? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते घर मी सत्तावीस वर्षांची असताना घेतलं. घरचे म्हणत होते, लग्न झाल्यावर नवरा घेईल ना. ते विकेन एक वेळ, पण दिलं असं दाखवणार नाही." तो विषय तिथे संपला, आणि माझ्या मते बरोबर संपला.

चौथा: व्यवहारच सोडायचा. स्कॉटलंडमध्ये ऑफर मान्य झाली म्हणजे करार झाला असं नसतं. दोन्ही सॉलिसिटरांमध्ये पत्रं जातात-येतात, त्यांना मिसिव्हज म्हणतात. शेवटचं पत्र मान्य झालं की मिसिव्हज 'कन्क्लूड' होतात आणि करार बांधला जातो. तोवर दोघांनाही बाहेर पडता येतं. घर त्यांना मनापासून आवडलं होतं, म्हणून हा पर्याय त्यांनी मागे ठेवला.

पाचवा: एडीएस भरायचा, मग वाकड विकायचं आणि परतावा मागायचा. राहतं घर बदलणाऱ्याला कायद्यात ही वाट आहे. अट दुहेरी आहे. नवीन घराच्या ताब्यानंतर ३६ महिन्यांच्या आत जुनं घर विकलं पाहिजे. आणि ताब्याच्या दिवशी संपणाऱ्या ३६ महिन्यांत कधीतरी ते जुनं घर आपलं मुख्य राहतं घर असलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ च्या आधी या दोन्ही मुदती १८ महिन्यांच्या होत्या. जुना नियम असता तर अडीच वर्षांपूर्वी पुणे सोडलेल्या या दोघांना परताव्याचा विचारही करता आला नसता. जुनं घर एकाच्या नावावर आणि नवं दोघांच्या, तरी दोघं त्यात एकत्र राहत असतील तर चालतं. ही दुरुस्ती २०१८ मध्ये झाली.

३१ जानेवारी २०२५ पासून ३६ महिने मागे मोजले की १ फेब्रुवारी २०२२ येते. त्यांनी वाकड सोडलं १९ मार्चला. म्हणजे साडेसहा आठवडे हातात होते. मी ती तारीख वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

त्यांनी पाचवा पर्याय घेतला.

४ डिसेंबर

पैसे उभे करायला डाउन पेमेंट १५ वरून १० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्यातून १३,२५० पाउंड सुटत होते. पण बँकेचं पहिलं कर्जपत्र १८ नोव्हेंबरलाच आलं होतं, ते १५ टक्क्यांच्या हिशेबाने. आकडा बदलायचा तर नवं पत्र. मी सल्ला दिला की नवं कर्जपत्र हातात येईपर्यंत मिसिव्हज पुरे करू नका, करार बांधला गेला आणि कर्ज अडलं तर पंचाईत होईल. २२ नोव्हेंबरला बँकेकडे अर्ज गेला.

एरवी हा सल्ला मी पुन्हाही देईन. पण स्कॉटिश अर्थसंकल्प ४ डिसेंबरला आहे, हे सप्टेंबरपासून जाहीर होतं. इंग्लंडने ३१ ऑक्टोबरला आपला असाच अधिभार ३ वरून ५ टक्के केला होता. एडिंबरालाही काहीतरी होईल, हा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नव्हती.

बुधवारी, ४ डिसेंबरला दुपारी अर्थमंत्री शोना रॉबिसन यांनी एडीएस ६ वरून ८ टक्के केल्याचं जाहीर केलं. लागू कधीपासून, तर दुसऱ्या दिवसापासून. ज्यांचा करार ४ डिसेंबरपर्यंत झाला आहे त्यांना जुना दर.

ती बातमी मी ऑफिसात वाचली तेव्हा साडेचार वाजत आले होते. सॉलिसिटरला फोन लागला. त्यांचं शेवटचं पत्र तयार होतं, पण ते पाठवायला गिऱ्हाइकाची लेखी परवानगी हवी, आणि पलीकडच्या सॉलिसिटरने ते त्याच संध्याकाळी स्वीकारायला हवं. शिवाय नवं कर्जपत्र अजून आलेलं नव्हतं. नवरा मीटिंगमध्ये, ती ट्रॅममध्ये. दोघांना एकत्र फोनवर घेईपर्यंत पाचला सात मिनिटं होती. पलीकडचं ऑफिस पाचला बंद झालं.

नवं कर्जपत्र शुक्रवारी आलं, मिसिव्हज सोमवारी ९ डिसेंबरला पुरे झाले. एडीएस १५,९०० चा २१,२०० झाला. पाच दिवसांनी ५,३०० पाउंड वाढले.

डाउन पेमेंट कमी करून सुटलेले १३,२५० आणि आधीचे ६,८०० मिळून २०,०५० होत होते. तेही अपुरे. तिच्या आईने एक एफडी मोडली आणि ६ लाख रुपये पाठवले. बँकेने त्यावर पत्र मागितलं, ही भेट आहे, कर्ज नाही, असं. आईने ते पत्र आपल्या अक्षरात सही करून, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली एक ओळ होती: "हे घर तरी दोघांच्या नावावर आहे ना?"

ताब्याची तारीख

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विकणाऱ्यांकडून विनंती आली. त्यांचं पुढचं घर लांबलं होतं. ताबा २८ मार्चला दिला तर चालेल का? बदल्यात ते किचनमधली सगळी उपकरणं सोडून जायला तयार होते.

नवरा हो म्हणणार होता. भाड्याचं घर मार्चअखेरपर्यंत होतंच, आणि धुलाईयंत्र, ओव्हन, फ्रिज फुकट. सॉलिसिटरलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ताबा पुढे ढकलणं ही इथे रोजची गोष्ट आहे.

मला वहीतल्या त्या दोन रेघा आठवल्या. ताबा २८ मार्च २०२५ ला झाला तर मागचे ३६ महिने २९ मार्च २०२२ ला सुरू होतात. त्या दिवशी हे दोघं एडिंबरात होते. वाकडचं घर त्या मुदतीत एक दिवसही त्यांचं राहतं घर ठरत नव्हतं. नंतर फ्लॅट विकला असता तरी २१,२०० पाउंडांपैकी एक पेनी परत मिळाली नसती. एका फ्रिजपायी.

इथे दोन वेगळ्या तारखा वेगळी कामं करतात, आणि भल्याभल्यांचा यात घोटाळा होतो. दर कोणता लागणार हे मिसिव्हज कधी पुरे झाले त्यावर ठरलं. परताव्याची मुदत मात्र ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते. एकाच व्यवहारात एक तारीख लांबली म्हणून पैसे वाढले होते. आता दुसरी लांबली असती तर ते कायमचे गेले असते.

आम्ही विकणाऱ्यांना कारण सांगून कळवलं की १८ मार्चच्या पुढे काहीही मान्य नाही. दोन दिवस ताणाताणी झाली. शेवटी २८ फेब्रुवारी ठरली, उपकरणांशिवाय. मागची मुदत १ मार्च २०२२ पासून, म्हणजे वाकडमधले शेवटचे १९ दिवस तिच्यात बसत होते.

१९ दिवस म्हणजे थोडेच, आणि ते सिद्ध करावे लागणार होते. म्हणून त्याच आठवड्यात तिने पुरावे जमवायला घेतले: सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, दोघांच्या पासपोर्टवरचे मुंबई विमानतळाचे शिक्के, दूधवाल्याला गुगल पेवरून दिलेले पैसे. सगळ्यात बोलका कागद ठरला महावितरणचं लाइट बिल. फेब्रुवारी २०२२ मध्ये १४२ युनिट, मार्चमध्ये ८८, एप्रिलमध्ये ६. ते सहा युनिट फ्रिज बंद करूनही चालू राहिलेल्या राउटरचे होते.

२८ फेब्रुवारीला किल्ल्या मिळाल्या. विवरणपत्र भरलं, २४,०५० पाउंड गेले.

मध्येच एक गोष्ट कचऱ्याची

मार्चमध्ये त्यांनी बाथरूम उकरलं. ठेकेदार म्हणाला, स्किप, म्हणजे राडारोडा भरून न्यायची मोठी लोखंडी पेटी, आत्ताच मागवा, एप्रिलमध्ये महाग पडेल. तो ज्याबद्दल बोलत होता तो त्याच रेव्हेन्यू स्कॉटलंडचा दुसरा कर, स्कॉटिश लँडफिल टॅक्स. डेपोत पुरलेल्या कचऱ्यावर टनामागे १०३.७० पाउंड दर होता, तो १ एप्रिल २०२५ पासून १२६.१५ होणार होता. विटा, माती, फरशा असा कुजत-बिघडत नसलेला राडारोडा वेगळा असेल तर त्याला दर अगदी कमी, ३.३० वरून ४.०५. कर डेपो चालवणारा भरतो, पण तो आपल्या स्किपच्या बिलातून वसूल होतो.

म्हणून नवऱ्याने फरशा एका ढिगात, लाकूड आणि प्लास्टरबोर्ड दुसऱ्या ढिगात केलं. एका शनिवारी मीही गेलो होतो. फुटक्या टाइल्सच्या ढिगात चुकून पडलेली एक जुनी फळी तो हातमोजे घालून काढत होता, आणि ती खिडकीत बसून पुण्याच्या भावाशी मुखत्यारपत्राबद्दल बोलत होती.

वाकड विकणं

वाकड विकायला २०२८ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत होती. तिने थांबायचं नाही असं ठरवलं. आईचे पैसे तिला खुपत होते.

मुखत्यारपत्र भावाच्या नावे, इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही-शिक्क्यासह. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत महाराष्ट्रात मुद्रांकित करावं लागतं. भावाने आठवड्यातच केलं. भाडेकरू जूनअखेर बाहेर पडले. गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये मिळालं, १ कोटी ४ लाखांना.

इथे पुढचा अडथळा टीडीएसचा. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला कर कापून घ्यावा लागतो, आणि दाखला नसेल तर तो नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो. नफा ४४ लाख. जुलै २०२४ नंतरच्या नियमाने अनिवासींना महागाईचा निर्देशांक न लावता १२.५ टक्के, म्हणजे साडेपाच लाख आणि वर ४ टक्के उपकर. पूर्ण किमतीवर कापला असता तर १३ लाखांच्या वर गेला असता, आणि वरचे पैसे विवरणपत्र भरून परत मिळेपर्यंत अडकले असते. तिने आयकर खात्याकडून कमी टीडीएसचा दाखला काढला. त्याला दोन महिने गेले, घेणारा थांबला. १४ ऑक्टोबर २०२५ ला दस्त नोंदला गेला. (या नफ्याचा ब्रिटनमधला हिशेब लंडनच्या भांडवली नफ्यावरच्या कराचा, स्कॉटलंडच्या या करांशी त्याचा संबंध नाही. तो स्वतंत्रपणे करून घेतला.)

परतावा

नोव्हेंबरमध्ये रेव्हेन्यू स्कॉटलंडकडे दावा केला. विक्रीचा पुरावा म्हणून इंडेक्स-२ जोडायचा होता, आणि तो मराठीत असतो. प्रमाणित भाषांतर करून घेतलं. 'दस्तऐवज करून देणाऱ्या पक्षकाराचे नाव' या रकान्यात तिचं सासरचं नाव होतं. २०१५ च्या खरेदीच्या इंडेक्स-२ मध्ये माहेरचं. ती दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला जोडला. हा कागद आधीच पाठवला म्हणून एक फेरी वाचली.

तरी एक प्रश्न आलाच: मार्च २०२२ मध्ये या घरात राहत होतात याचा पुरावा द्या. लाइट बिलं, पासपोर्टचे शिक्के आणि सोसायटीच्या पावत्या पाठवल्या. डिसेंबरात २१,२०० पाउंड परत आले.

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबरच्या पहिल्या फॉर्मवर 'जगात कुठेही' हे दोन शब्द असते, किंवा एक फोन झाला असता, तर डाउन पेमेंट सुरुवातीपासूनच १० टक्के धरलं असतं. १८ नोव्हेंबरचं कर्जपत्र बदलावं लागलं नसतं, मिसिव्हज नोव्हेंबरातच पुरे झाले असते आणि दर ६ टक्के राहिला असता. परतावा मिळाल्यामुळे ते ५,३०० शेवटी परत आले. पण दहा महिने आईची एफडी मोडलेली होती आणि मोठ्या कर्जाचं व्याज चालू होतं.

माझ्याकडून झालेली चूक वेगळी. २१ नोव्हेंबरला माझ्यासमोर दोन जोखमी होत्या: करार बांधून कर्ज अडण्याची, आणि थांबून दर वाढण्याची. मी पहिलीच तोलली. जुनं कर्जपत्र तेव्हा वैध होतं. त्याच्यावर मिसिव्हज पुरे करायचे आणि तेरा हजारांची सोय आईच्या पैशांतून करायची, हा रस्ता मी त्यांच्यासमोर ठेवलाच नाही. घेतला असता की नाही हा त्यांचा प्रश्न होता, पण निदान ४ डिसेंबर ही तारीख टेबलावर मांडणं माझं काम होतं.

वाकड आधी विकून मग इथे घर शोधलं असतं तर एडीएस लागलाच नसता. हे दोघांनी मला नंतर बोलून दाखवलं. पण परदेशात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं परत जायचं की राहायचं हेच ठरलेलं नसतं, तेव्हा तिकडचं घर विकून टाका असं कुणाला सांगायला माझी जीभ रेटत नाही. पुणे सोडून त्यांना आणखी सहा महिने झाले असते तर मात्र ३६ महिन्यांची मुदत टळून परताव्याची वाट बंद झाली असती.

परतावा आल्यावर त्यांनी आईचे सहा लाख व्याजासकट परत पाठवले. १३,२५० पाउंड कर्जात भरले. वर्षाला १० टक्क्यांपर्यंत जादा भरलं तर बँक दंड लावत नव्हती, आणि २,३८,५०० च्या कर्जाला ते त्या मर्यादेत बसत होतं. उरलेल्या पैशांतून फ्रिज घेतला.